वाचकांचे प्रश्न : वेळणेश्वर ते हेदवी, काठाकाठाने

किल्ल्यांच्या वाटांबद्दलची पत्रं या सदराकडे वर्षभर येतात. या वेळी काही पत्रं समुद्रकाठच्या वाटांबद्दल आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत, सगळे सह्याद्रीत भरपूर फिरलेले. गुहागर तालुक्यात वेळणेश्वरहून हेदवीला रस्ता सोडून काठाने जायचं आहे. रस्त्याने अंतर सात-आठ किलोमीटर दिसतं. सकाळी नाश्ता करून नऊला निघालो, तर जेवायला हेदवीत पोहोचू ना? बामणघळीत पाणी उडतं तेही बघायचं आहे. (चिंचवड)

उत्तर : पोहोचाल, पण नऊला निघून नाही, आणि बहुधा जेवायलाही नाही. रस्ता सरळ जातो, काठ आत-बाहेर वळत जातो. म्हणून रस्त्याच्या अंतराची दीडपट धरा, म्हणजे दहा-बारा किलोमीटर. त्यात वेग एकसारखा राहत नाही. ओल्या घट्ट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, तासाला चार किलोमीटर सहज होतात, कोरड्या भुसभुशीत वाळूत अडीच. वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पायवाट असली तर पुन्हा चार. खालच्या खडकांतून मात्र तासाला एक ते दीड किलोमीटर, आणि सह्याद्रीत फिरलेल्यांचाही तेवढाच. तिथे दम लागत नाही, प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं म्हणून वेळ जातो. दोन किलोमीटर खडक निघाला तर दीड-दोन तास तिथेच गेले.

दुसरं, खालून सलग वाट आहे असं गृहीत धरू नका. दोन पुळणींच्या मधलं टोक कधी खालच्या खडकांवरून ओलांडता येतं, कधी कातळ थेट पाण्यात उतरलेला असतो. तिथे मागे फिरून वर सड्यावर चढायचं आणि पलीकडच्या वाडीतून पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, उतरायचं. अशी चढउतार दिवसात दोन-तीनदा होईल असं धरून चला.

आता बामणघळ. हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराचं देऊळ आहे. त्याला लागून कातळात लाटांनी कोरलेली ही अरुंद घळ आहे. लाट घळीत शिरते, आत जागा चिंचोळी होत जाते आणि पाणी वर फेकलं जातं. हे भरतीलाच दिसतं. ओहोटीला गेलात तर नुसती फट बघून परत याल. म्हणजे चालायला ओहोटी हवी आणि बघायला भरती. म्हणूनच चाल वेळणेश्वरहून हेदवीकडे ठेवा, उलटी नको. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास ओहोटी असेल असा दिवस निवडा. साडेसहाला, उजाडताना निघा, खडकांचा भाग अकराच्या आत उरका, दुपार सड्यावर आणि वाडीच्या सावलीत काढा आणि साडेतीन-चारला भरतीच्या वेळी हेदवीला पोहोचा. घळीच्या तोंडाशी किंवा ओल्या कातळावर उभं राहू नका. लाटा सारख्या नसतात. दहा मिनिटं लहान येतात आणि मग दोन-तीन मोठ्या लागोपाठ येतात. कातळ जिथवर ओला किंवा काळा-हिरवा आहे तिथवर पाणी पोहोचतं, मग त्या क्षणी ते लांब दिसत असलं तरी.

हेदवीत दशभुज गणपतीचं देऊळ वर गावाच्या बाजूला आहे, त्यासाठी अर्धा तास वेगळा ठेवा. परतीच्या एसटीची वेळ निघण्याआधी गुहागर आगारात विचारून घ्या. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सड्यावरच्या पायवाटा अंधारात सापडत नाहीत.

प्रश्न : भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते, पण आकडे नीट कळत नाहीत. 0.6 मीटर म्हणजे गुडघाभर पाणी का? आणि आजोबा तिथीवरून वेळ सांगायचे ती पद्धत विश्वासाची आहे का? (डोंबिवली)

उत्तर : आजोबांची पद्धत अजूनही चालते. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचारला आणि पुन्हा दुपारी चारच्या सुमारास भरती, मधली ओहोटी सकाळी दहाला. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकराच्या पुढे भरती. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. सगळं गणित एवढंच आहे.

मात्र हे गणित मुंबई-अलिबागच्या पाण्याचं आहे. पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून रत्नागिरीकडे ती थोडी आधी येते. तिथीच्या हिशेबाने दिवस निवडावा आणि घड्याळाची वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकातून किंवा जवळच्या बंदराच्या आकड्यातून घ्यावी. मुंबईचा आकडा हेदवीला लावू नये.

0.6 मीटर म्हणजे गुडघाभर पाणी नव्हे. ती उंची एका ठरावीक तळरेषेपासून मोजलेली असते, तुमच्या पायाखालच्या खडकापासून नव्हे. त्या आकड्याचा उपयोग तुलनेपुरता करा. आजची ओहोटी 0.6 आणि परवाची 1.1 असेल, तर परवा अर्धा मीटर उंचीचा खडक कमी उघडा पडेल. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, म्हणून सकाळचा आकडा वेगळा बघावा. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि पावसाळ्यात त्याच्या बातम्या होतात. दक्षिणेकडे जावं तसा हा चढउतार कमी होतो. गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास राहतो. कोकणात मधे कुठेतरी.

कोणती तिथी निवडावी, हा खरा प्रश्न. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओहोटी खूप खाली जाते, पण ती पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपारी, तुम्ही वाटेच्या मध्यावर असताना, पाणी सर्वांत वर. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, ओहोटी दुपारी बाराला येते, वेळ सोयीची. पण भांगाचं पाणी फारसं उतरतच नाही, खडक अर्धेच उघडे पडतात. आमच्या मते चतुर्थी ते षष्ठी हे दिवस दिवसभराच्या चालीला सर्वांत बरे. ओहोटी सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये पडते आणि पाणीही बऱ्यापैकी उतरतं.

आता चूक कुठे होते ते सांगतो. ओहोटी दहाला आहे म्हणून लोक दहाला खडकात उतरतात. दहाला पाणी परत फिरलेलं असतं. ओहोटीच्या दोन तास आधी, उतरत्या पाण्यामागे खाली उतरायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात खडकातून बाहेर पडायचं. यामागे हिशेब आहे. सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्याचे बारा वाटे केले, तर पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात एक. पहिला तास काहीच घडत नाहीसं वाटतं, आणि तिसरा-चौथा तास मिळून निम्मं पाणी वर येतं. ‘अजून कुठे काय चढलंय’ असं म्हणत जेवायला बसलेले लोक याच दोन तासांत अडकतात. ओहोटीच्या घटकेला टोक ओलांडण्याचं अर्धं अंतर संपलं नसेल, तर पुढे जाऊ नका, मागे फिरा. माघारीची वाट तरी ओळखीची असते. अडकलातच, तर पाण्यात उतरून वळसा घालू नका. उंच, कोरड्या, शेवाळ नसलेल्या जागी चढा आणि बसून राहा. पुढच्या ओहोटीपर्यंत उपास घडेल, एवढंच.

प्रश्न : हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही अशीच वाट आहे का? सुरुवात तिथून करावी का? (सातारा)

उत्तर : ती वाट लहान आहे, दिवसभराची नाही, आणि लहान आहे म्हणूनच लोक गाफील राहतात. पायऱ्या उतरून कड्याच्या पायथ्याने समुद्राच्या काठाशी यायचं आणि वळसा घालून पुन्हा देवळाशी. हे फक्त ओहोटीला करायचं. तिथे लाटेने ओढून नेण्याच्या दुर्घटना झालेल्या आहेत. देवळाजवळ ‘आता जाऊ नका’ असं सांगितलं, तर हुज्जत न घालता चहा प्या. सराव म्हणून वाट चांगलीच. खडकाला पडलेली मधाच्या पोळ्यासारखी भोकं नीट बघता येतात आणि ओला खडक व कोरडा खडक यांतला फरक तळपायाला कळतो.

प्रश्न : बूट कोणते? माझे ट्रेकिंगचे बूट नवे आणि महाग आहेत. खाऱ्या पाण्याने खराब होतील म्हणून फ्लोटर घालून जावं म्हणते. (नाशिक)

उत्तर : महागडे बूट घरी ठेवा, पण फ्लोटरही नकोत. खडकांवर कालवांची शिंपलं चिकटलेली असतात, कडा पात्यासारख्या. उघडा अंगठा किंवा टाच एकदा घासली की दिवस संपला. मऊ रबरी तळाचे जुने, बंद, लेस असलेले कापडी बूट घ्या. भिजले तर लवकर निथळतात आणि वाळतात. जाड, कडक तळाचे बूट ओल्या कातळावर उलट घसरतात.

पाऊल कुठे टाकायचं ते रंगावरून ठरतं. करडा, कोरडा कातळ सुरक्षित. शिंपल्यांनी खडबडीत झालेला ओला कातळ पकडतो, पण तिथे हात टेकू नका. काळपट-हिरवा गुळगुळीत थर दिसला की कोणत्याही कंपनीचा बूट चालत नाही. वळसा घाला, नाहीतर बसून सरका.

वाळू बुटात गेली की ‘पुढच्या थांब्यावर झटकू’ असं म्हणू नका. फोड यायला वीस मिनिटं पुरतात. मोज्यांचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या आणि खडक संपून सड्यावर चढताना बदला. आणखी एक, पुळण समुद्राकडे उतरती असते. तासन्‌तास एकाच बाजूला कलून चाललं की खालच्या बाजूचा गुडघा आणि खुबा दुखू लागतो. पाण्याच्या कडेची घट्ट, सपाट पट्टी धरून चाला.

प्रश्न : वय 63, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. किनाऱ्यावर वारा असतो, त्यामुळे उन्हाचा त्रास कमी होत असेल ना? पाणी किती न्यावं? (सांगली)

उत्तर : त्रास कमी होत नाही, फक्त कळत उशिरा. वाऱ्याने घाम लगेच उडतो म्हणून आपण तहानलो आहोत हे लक्षात येत नाही, आणि वाळू व पाणी दोन्हीकडून ऊन वर परावर्तित होतं, टोपीच्या खालून चेहरा भाजतो. त्यात सडा म्हणजे जांभ्याचा तवा. दुपारी बारा ते तीन तिथे सावली नसते आणि डिसेंबरनंतर पाणीही नसतं. माणशी चार लिटर पाणी घेऊन निघा. वाडीतल्या घरी मागितलं तर पाणी मिळतं, पण दोन वाड्यांच्या मधे दोन तास जाऊ शकतात. ओआरएसची पुडी एक लिटरला एक, अंदाजाने अर्ध्या लिटरात घालू नये. रक्तदाब असलेल्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण आणि गोळीची वेळ डॉक्टरांना आधी विचारावी. काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि उन्हात चक्कर येते.

खायला भाकरी, कोरडी लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे, उकडलेले बटाटे. ओल्या खोबऱ्याची चटणी कितीही चांगली लागत असली तरी दुपारपर्यंत आंबते. कोकम सरबताचा आगळ छोट्या बाटलीत नेला तर वाटेत पाण्यात कालवता येतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चाला. मार्चनंतर दमटपणा सोसवत नाही.

प्रश्न : सड्यावर फुरशी फार असतात असं ऐकलं. खरं का? आणि समुद्रातल्या प्राण्यांचं काय? (ठाणे)

उत्तर : खरं. फुरसं हा विषारी साप जेमतेम हात-दीड हात लांब, मातकट रंगाचा. जांभ्याच्या दगडाखाली आणि गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, फटींत बसतो. डिवचलं की अंगाचे वेढे एकमेकांवर घासून करकर आवाज करतो. तो ऐकू आला की जागीच थांबा आणि आलात तसे मागे व्हा. बहुतेक चावे हाताला किंवा घोट्याला होतात. म्हणून गडगा ओलांडताना न बघता हात टेकायचा नाही, दगड उचलायचा नाही, बूट काढून ठेवले तर झटकून घालायचे. चावलंच तर चिरा देऊ नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि 108 ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही.

वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेली चपटी मासळी, बसलेली असते. उथळ पाण्यातून जाताना पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत न्या. चाहूल लागली की ती निघून जाते. शेपटीचा काटा लागला तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा. त्याने वेदना बऱ्याच उतरतात. पाणी दुसऱ्या माणसाने हात घालून तपासावं, जखमी माणसाला गरमपणाचा अंदाज राहत नाही. जेलीफिश भाजली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नको आणि चोळू तर मुळीच नका. कालवाने कापलं तर मात्र भरपूर गोडं पाणी आणि मग आयोडिनचं औषध. ती जखम लहान दिसते आणि दोन दिवसांनी पिकते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

प्रश्न : मधे खाडी आली आणि होडी नसली, तर ओहोटीला चालत ओलांडता येते का? (पनवेल)

उत्तर : अनोळखी खाडी नाही. ओहोटीला खाडीतलं सगळं पाणी मुखातून बाहेर पडत असतं. गुडघाभर पाण्याचा ओढही माणसाला समुद्राकडे नेतो. मुखापासून आत गेलात तर ओढ कमी, पण खाजणाचा चिखल मांडीपर्यंत घेतो. गावातला माणूस स्वतः पुढे चालत असेल तर त्याच्या पावलावर पाऊल टाकून जा, नुसतं ‘जा, जा, काय होत नाय’ म्हणत असेल तर जाऊ नका. मोठ्या खाड्यांवर जंगल जेट्टी, म्हणजे माणसं आणि गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी, आहेत : दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, बागमांडला-वेसवी, आगरदांडा-दिघी. लहान खाडीत तरीवाला असतो. तो जेवायला गेला की तास-दीड तास मिळत नाही. ती वेळ धरूनच चालीचा हिशेब करा.

वाट विचारायचीही एक रीत आहे. ‘काका, हेदवीला रस्ता कुठला?’ असं विचारलंत तर डांबरी रस्त्यावर पाठवतील, त्यांचं चुकत नाही. ‘सड्यावरून खाली पुळणीत उतरणारी पाखाडी आहे का, आणि ती मोकळी आहे का?’ असं विचारा. पावसाळ्यानंतर पाखाड्या झाडीने बुजलेल्या असतात. आंब्याच्या बागेतून जावं लागलं तर आधी परवानगी घ्या. काही बागांना डुकरांसाठी आणि माकडांसाठी विजेचं कुंपण असतं.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला नेऊ का? (पुणे)

उत्तर : पुळण आणि सडा चालेल, खडकांचा भाग नको. एक मोठा माणूस तिला घेऊन वाडीतून यावा, बाकीच्यांनी खालून.

प्रश्न : सप्टेंबरात सडा फुलांनी भरतो. तेव्हा जावं का? (कोल्हापूर)

उत्तर : फुलं बघायला जरूर जा, पण वरच थांबा. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. 1 ऑगस्टला ती सुरू झाली म्हणजे समुद्र शांत झाला असं नव्हे. लांबच्या वादळाने उठलेली लाट वारा पडलेल्या, निळ्या आकाशाच्या दिवशीही येते. हैदराबादचं इन्कॉइस केंद्र उंच लाटांचे इशारे देतं, ते आदल्या रात्री बघावेत, आणि हे हिवाळ्यातही लागू आहे. पावसाळ्यानंतर सड्याच्या कडेपासून निदान चार पावलं आत राहा. वर जांभा कठीण, खाली मऊ माती. पाण्याने ती माती निघून जाते आणि कड नुसती हवेत राहते. फोटोसाठी तिथेच उभं राहतात. सड्यावर कातळशिल्पं असतील तर त्यांच्यावरून चालू नका. पावसानंतर रेषांत माती आणि गवत भरलेलं असतं, त्यामुळे ती पटकन दिसत नाहीत.

प्रश्न : आम्हाला गोकर्ण जवळ. गोकर्ण ते कुमठा काठाने एका दिवसात होतं का? (बेळगाव)

उत्तर : होतं, पण बहुतेक जण दोन दिवस घेतात ते बरोबरच आहे. एकाच दिवसासाठी गोकर्ण ते तदडी हा अर्धा भाग पुरेसा आहे. गोकर्णहून कुडले, टेकाडावरून ओम, मग कड्याच्या अंगाने हाफमून, तिथून खडकांतून पॅराडाइज, बेलेकान आणि तदडी. हाफमून आणि पॅराडाइजला गाडीरस्ता नाही, पायी किंवा होडीने एवढेच पर्याय. म्हणजे पाय मुरगळला तरी हेच दोन पर्याय. हाफमून ते पॅराडाइज हा तुकडा सर्वांत अवघड, तोच ओहोटीच्या वेळेवर बसवा. ओमवर गर्दी आणि दुकानं असतात, पाण्याच्या बाटल्या तिथेच भरून घ्या.

तदडीहून होडीने पलीकडे अघनाशिनी गावात उतरलं की कुमठ्याच्या बाजूची चाल सुरू होते. लांब पुळणी, मधे कड्यावरच्या पायवाटा. ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. संध्याकाळची शेवटची होडी किती वाजता हे सकाळीच फोनवर नव्हे, तर आदल्या दिवशी तदडीच्या धक्क्यावरच विचारा. परतीला रेल्वे घेणार असाल तर गोकर्ण रोड स्टेशन गावापासून दहा किलोमीटरच्या आसपास आहे. थकल्या पायांनी तेवढं चालायची वेळ येऊ नये म्हणून रिक्षा आधी ठरवून ठेवा.